एसएसएच यजमान किल्ल्यांची पुनर्निर्मिती

एसएसएच यजमान किल्ल्यांची पुनर्निर्मिती म्हणजे लिनक्स संगणकावरील एसएसएच सर्व्हरची ओळख सिद्ध करणाऱ्या जुन्या किल्ल्या काढून टाकून त्यांच्या जागी नव्या किल्ल्या तयार करणे होय. एसएसएच (सिक्युअर शेल) हा दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी वापरला जाणारा प्रोटोकॉल आहे. या प्रोटोकॉलमध्ये वापरकर्त्याने आपली ओळख पटवण्याआधी सर्व्हरला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. त्यासाठी सर्व्हरजवळ जी किल्ल्यांची जोडी असते, तिला यजमान किल्ली किंवा होस्ट की असे म्हणतात.

संगणकाची प्रतिकृती केल्यानंतर, खाजगी किल्ली उघड झाल्यास, सदोष सॉफ्टवेअरने किल्ली तयार केली असल्यास किंवा किल्लीचा प्रकार कालबाह्य झाल्यास पुनर्निर्मिती आवश्यक ठरते. नव्या किल्ल्या तयार करण्याचे तांत्रिक काम काही सेकंदांचे असते. परंतु सर्व्हरची नवी ओळख त्याच्या सर्व वापरकर्त्यांपर्यंत खात्रीच्या मार्गाने पोहोचवणे हा या प्रक्रियेचा अधिक महत्त्वाचा आणि बहुधा दुर्लक्षित राहणारा भाग आहे.

## पार्श्वभूमी

एसएसएचपूर्वी दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी टेलनेट, आरलॉगिन यांसारखी साधने प्रचलित होती. त्यांतून पाठवलेला मजकूर, परवलीच्या शब्दासह, कूटबद्ध न होता जाळ्यावरून जात असे. वाटेतील कोणत्याही संगणकावर तो वाचता येई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरण्याचा प्रकार घडला. त्यानंतर तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती तयार करून त्याच वर्षी ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. या सेवेला २२ क्रमांकाचे द्वार (पोर्ट) मिळाले. एफटीपीचे २१ व टेलनेटचे २३ यांच्या मधला हा क्रमांक आजही तसाच आहे.

पुढे मूळ सॉफ्टवेअरचा परवाना अधिकाधिक बंधनकारक होत गेला. त्यामुळे ओपनबीएसडी प्रकल्पातील विकासकांनी एका जुन्या मुक्त आवृत्तीपासून ओपनएसएसएच विकसित केले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ओपनबीएसडी २.६ बरोबर ते प्रथम प्रसिद्ध झाले. बहुतेक सर्व लिनक्स वितरणांत आज हेच सॉफ्टवेअर वापरले जाते. एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीची मानके २००६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली.

## स्वरूप व कार्य

यजमान किल्लीचे दोन भाग असतात. खाजगी किल्ली सर्व्हरच्या डिस्कवर गुप्त राहते. सार्वजनिक किल्ली मात्र जोडणी करणाऱ्या प्रत्येकाला दिली जाते. लिनक्सवर या फाईली सामान्यतः 'ईटीसी' फोल्डरमधील 'एसएसएच' नावाच्या उपफोल्डरमध्ये असतात. त्यांची नावे 'एसएसएच होस्ट' या शब्दांनी सुरू होऊन पुढे किल्लीचा प्रकार दर्शवतात. सार्वजनिक किल्लीच्या फाईलनावाच्या शेवटी 'पब' असे लिहिलेले असते.

जोडणीच्या आरंभी सर्व्हर आणि वापरकर्त्याचा संगणक मिळून त्या सत्रापुरते एक तात्पुरते गुपित ठरवतात. या देवघेवीवर सर्व्हर आपल्या खाजगी किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करतो, आणि वापरकर्त्याचा संगणक ती स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने पडताळून पाहतो. पडताळणी जुळली म्हणजे समोरच्या संगणकाजवळ ती खाजगी किल्ली आहे एवढे सिद्ध होते. तो संगणक खरोखरच अपेक्षित सर्व्हर आहे की नाही, हे मात्र ती सार्वजनिक किल्ली आधीपासून खात्रीने ठाऊक असल्यावरच सांगता येते.

मराठेशाहीतील पत्रव्यवहाराची उपमा येथे समर्पक ठरते. पत्रावर उमटवलेली मुद्रा आणि शेवटचे मोर्तब पाहून पत्र कोणाकडून आले हे ओळखले जाई. शिक्का पाहणाऱ्यास तो आधीपासून परिचित असणे आवश्यक होते. शिक्का चोरीस गेला तर चोराचे पत्रही खरेच वाटणार, आणि नवा शिक्का करवला तर तो सर्व संबंधितांना कळवल्याखेरीज खरे पत्रही संशयास्पद ठरणार. यजमान किल्लीच्या बाबतीतही या दोन्ही अडचणी तंतोतंत लागू पडतात.

### पहिल्या भेटीचा विश्वास

वापरकर्ता एखाद्या सर्व्हरशी प्रथमच जोडणी करतो, तेव्हा त्याच्या संगणकावर त्या सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) दाखवला जातो आणि पुढे जायचे का, असे विचारले जाते. होकार दिल्यावर ती किल्ली वापरकर्त्याच्या 'नोन होस्ट्स' म्हणजे परिचित यजमानांच्या यादीत नोंदवली जाते. पुढील प्रत्येक जोडणीच्या वेळी मिळालेली किल्ली या नोंदीशी ताडून पाहिली जाते. या पद्धतीला प्रथम भेटीतील विश्वास असे म्हणता येईल.

ठसा म्हणजे सार्वजनिक किल्लीवरून गणिती पद्धतीने काढलेले संक्षिप्त रूप होय. २०१५ च्या मार्चमध्ये आलेल्या ओपनएसएसएच ६.८ पासून हा ठसा शा-२५६ पद्धतीने काढला जातो आणि ४३ अक्षरांत लिहिला जातो. त्यापूर्वी एमडी५ पद्धतीचा, अपूर्णविरामांनी विभागलेल्या १६ जोड्यांचा ठसा दाखवला जाई. एकाच किल्लीचे हे दोन ठसे पूर्णतः भिन्न दिसतात. म्हणून जुन्या कागदपत्रांतील ठशाशी तुलना करताना पद्धत तपासून पाहावी लागते.

## किल्ल्यांचे प्रकार

एका सर्व्हरवर एकाच वेळी अनेक प्रकारच्या यजमान किल्ल्या असू शकतात. त्यांपैकी प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* आरएसए – १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी मांडलेल्या पद्धतीवर आधारित. २०१९ च्या ओपनएसएसएच ८.० पासून नव्या आरएसए किल्लीची मूलभूत लांबी ३०७२ बिट आहे.
* डीएसए – आता कालबाह्य. २०१५ मधील ७.० आवृत्तीपासून मूलभूत मांडणीत बंद, तर २०२५ मधील १०.० आवृत्तीत पूर्णतः काढून टाकलेली.
* ईसीडीएसए – लंबवर्तुळी वक्रांच्या गणितावर आधारित. २०११ मधील ५.७ आवृत्तीपासून उपलब्ध.
* ईडी२५५१९ – २०१४ मधील ६.५ आवृत्तीपासून उपलब्ध. सार्वजनिक किल्ली केवळ ३२ बाइटची असते. स्वाक्षरी करताना दर वेळी नव्या यादृच्छिक संख्येची गरज नसल्याने ती अधिक निर्धोक मानली जाते.

## पुनर्निर्मितीची कारणे

### संगणकाची प्रतिकृती

एक संगणक व्यवस्थित मांडून घ्यावा आणि त्याच्या डिस्कची प्रत काढून तिच्यापासून अनेक संगणक उभे करावेत, ही पद्धत आभासी संगणक, क्लाउड सेवा, शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि कारखाने अशा सर्वच ठिकाणी रूढ आहे. डिस्कसोबत यजमान किल्लीचीही प्रत निघते, आणि सर्व संगणकांची ओळख एकच होऊन बसते.

उदाहरणादाखल, नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावरील बुटीबोरी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. अशा वसाहतीतील एखाद्या कारखान्याने उत्पादनाच्या नोंदी ठेवण्यासाठी यंत्रांशेजारी दहा छोटे लिनक्स संगणक एकाच डिस्कच्या प्रतीवरून बसवले आहेत अशी कल्पना करू. नागपूर शहरातील कार्यालयात बसलेला तंत्रज्ञ त्यांच्याशी एसएसएचद्वारे जोडणी करतो. जाळ्यातील पत्ते बदलले आणि तिसऱ्या यंत्राचा पत्ता सातव्या यंत्राला मिळाला, तर वेगवेगळ्या किल्ल्या असताना तंत्रज्ञाला ताबडतोब इशारा मिळाला असता. किल्ली एकच असल्यामुळे कोणताही इशारा मिळत नाही, आणि तिसरे यंत्र थांबवण्याची आज्ञा सातव्या यंत्रावर चालते. शिवाय दहांपैकी एक संगणक भंगारात गेला आणि त्याची डिस्क कोणाच्या हाती पडली, तर उरलेल्या नऊही संगणकांचे सोंग घेण्याचे साधन त्याला मिळते.

ही अडचण केवळ काल्पनिक नाही. २०१३ साली डिजिटलओशन या क्लाउड सेवेच्या काही तयार प्रतिमांवरून उभ्या केलेल्या सर्व्हरांत एकसारख्या यजमान किल्ल्या असल्याचे उघड झाले आणि ग्राहकांना किल्ल्या बदलण्याची सूचना देण्यात आली. २०१५ मध्ये सेक कन्सल्ट या संस्थेने ७० हून अधिक उत्पादकांच्या ४,००० हून अधिक उपकरणांतील सॉफ्टवेअर तपासले, तेव्हा त्यांत ५८० हून अधिक वेगवेगळ्या खाजगी किल्ल्या सापडल्या. त्यांतील सुमारे ८० एसएसएच यजमान किल्ल्या इंटरनेटवरील सुमारे ९ लाख यंत्रांवर वापरात होत्या.

### खाजगी किल्ली उघड होणे

डिस्क चोरीस जाणे, बॅकअपची प्रत असुरक्षित ठिकाणी राहणे, संगणकात घुसखोरी होणे किंवा किल्लीची फाईल चुकून सार्वजनिक ठिकाणी टाकली जाणे, अशा प्रसंगी खाजगी किल्ली गुप्त राहिली असे मानता येत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये गिटहब या संकेतस्थळाची आरएसए यजमान किल्ली थोडा काळ एका सार्वजनिक भांडारात उघडी पडल्याचे लक्षात आले. २४ मार्च २०२३ रोजी ती बदलण्यात आली. ईसीडीएसए व ईडी२५५१९ किल्ल्या मात्र तशाच ठेवण्यात आल्या. परिणामी जुन्या आरएसए किल्लीवर विसंबणाऱ्या जगभरातील वापरकर्त्यांना आणि स्वयंचलित कामांना धोक्याचा इशारा मिळू लागला, व नवा ठसा गिटहबने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला.

### यादृच्छिकतेचा अभाव

किल्लीची सुरक्षितता ती निर्माण करताना वापरलेल्या यादृच्छिक संख्यांवर अवलंबून असते. पहिल्यांदाच सुरू झालेल्या छोट्या उपकरणाजवळ अशा संख्यांसाठी पुरेशी सामग्री नसते आणि किल्ली तर त्याच वेळी तयार होते. नादिया हेनिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली इंटरनेटवरील सर्व्हरांचे व्यापक सर्वेक्षण केले. तीत सुमारे ०.०३ टक्के एसएसएच सर्व्हरांच्या आरएसए आणि सुमारे १ टक्का सर्व्हरांच्या डीएसए खाजगी किल्ल्या केवळ सार्वजनिक माहितीवरून शोधून काढता आल्या.

### प्रकार कालबाह्य होणे

गणिताची व संगणकाच्या वेगाची प्रगती होते तशा जुन्या पद्धती दुर्बल ठरतात. केवळ डीएसए किल्ली असलेल्या जुन्या सर्व्हरशी नव्या आवृत्तीच्या साधनांना जोडणीच करता येत नाही. अशा वेळी नव्या प्रकारची किल्ली तयार करावी लागते.

## डेबियनमधील दोष (२००६–२००८)

यजमान किल्ल्यांच्या सामूहिक पुनर्निर्मितीचा सर्वांत मोठा प्रसंग २००८ साली उद्भवला. डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएल या कूटलेखन ग्रंथालयात एक बदल करण्यात आला होता. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एका साधनाने दाखवलेली सूचना बंद व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. परंतु त्या बदलामुळे यादृच्छिक संख्यांच्या निर्मितीत मिसळली जाणारी जवळजवळ सर्व सामग्री वगळली गेली. उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, ज्याची कमाल मर्यादा सामान्यतः ३२,७६८ असते. म्हणजे दिलेल्या प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जणू ३२,७६८ किल्ल्यांच्या एका ठरावीक जुडग्यातूनच निघत होत्या. तेवढ्या सगळ्या किल्ल्या तयार करून ठेवणे एका साध्या संगणकालाही शक्य होते.

हा दोष २००६ च्या सप्टेंबरमध्ये शिरला. लुचियानो बेल्लो यांच्या तो लक्षात आला आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने तो जाहीर केला. डेबियनवर आधारित असल्याने उबुंटूसारखी वितरणेही बाधित झाली. या काळात बाधित संगणकांवर तयार झालेल्या सर्व किल्ल्या टाकून देण्याचा सल्ला देण्यात आला. सुधारित सॉफ्टवेअरमध्ये दुर्बल किल्ल्यांची यादी समाविष्ट करण्यात आली आणि यजमान किल्ली त्या यादीत आढळल्यास ती नव्याने तयार करण्याची सोय झाली. डीएसए किल्ल्यांबाबत धोका आणखी खोल होता. अन्यत्र तयार झालेली निर्दोष डीएसए किल्लीही बाधित संगणकावर स्वाक्षरीसाठी वापरली गेली असल्यास ती उघड झाली असे मानावे लागले, कारण या पद्धतीत प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवी यादृच्छिक संख्या लागते.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दोष दुरुस्त केल्याने जुन्या किल्ल्या आपोआप सुधारत नाहीत, त्या बदलाव्याच लागतात. आणि लाखो सर्व्हरांच्या किल्ल्या एकाच वेळी बदलल्या, तर वापरकर्त्यांना दिसणारे इशारे खरे धोके आहेत की अपेक्षित बदल आहेत हे ओळखणे अवघड होते.

## प्रक्रिया

पुनर्निर्मितीची प्रक्रिया प्रशासकाच्या (रूट) अधिकारांनी करावी लागते. तिचे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

1. पर्यायी प्रवेशाची तजवीज – एसएसएच सेवा सुरू न झाल्यास सर्व्हरपर्यंत पोहोचता यावे म्हणून प्रत्यक्ष पडदा-कळफलक किंवा क्लाउड सेवेचा कन्सोल उपलब्ध ठेवला जातो. चालू असलेले एसएसएच सत्र काम पूर्ण होईपर्यंत बंद करत नाहीत.
2. जुन्या किल्ल्या काढणे – 'एसएसएच होस्ट' या शब्दांनी सुरू होणाऱ्या फाईलीच काढायच्या असतात. त्याच फोल्डरमध्ये सर्व्हरच्या मांडणीची फाईल असते. संपूर्ण फोल्डर रिकामे केल्यास तीही नष्ट होते.
3. नव्या किल्ल्या तयार करणे – 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा मोठ्या लिपीतील 'ए' या पर्यायासह दिली असता सर्व मूलभूत प्रकारांच्या किल्ल्या परवलीच्या शब्दाविना तयार होतात. ही आज्ञा केवळ नसलेल्या किल्ल्या तयार करते. जुन्या फाईली जागेवर असतील तर ती काहीही बदलत नाही.
4. परवानग्या तपासणे – खाजगी किल्लीची फाईल प्रशासकाखेरीज इतरांना वाचता येता कामा नये. परवानगी अधिक सैल असल्यास सर्व्हर ती किल्ली वापरण्यास नकार देतो.
5. मांडणीची चाचणी – सर्व्हरचा प्रोग्रॅम 'एसएसएचडी' हा छोट्या लिपीतील 'टी' या पर्यायासह चालवल्यास सेवा सुरू न करता मांडणी व किल्ल्या तपासल्या जातात.
6. सेवा पुन्हा सुरू करणे – चालू सर्व्हर जुन्या किल्ल्या स्मृतीत धरून असतो. म्हणून सेवा पुन्हा सुरू केल्यावरच नव्या किल्ल्या लागू होतात. आधीपासून उघडी असलेली सत्रे सहसा चालू राहतात.
7. नवे ठसे नोंदवणे – प्रत्येक नव्या सार्वजनिक किल्लीचा ठसा सर्व्हरवरच काढून घेतला जातो आणि वापरकर्त्यांना कळवला जातो.

### वितरणांतील भेद

डेबियन व उबुंटूमध्ये ओपनएसएसएच सर्व्हरचे पॅकेज पुन्हा मांडले असता नसलेल्या किल्ल्या तयार होतात. मात्र किल्ल्या काढून केवळ संगणक पुन्हा सुरू केल्यास डेबियनमध्ये त्या आपोआप तयार होतीलच असे नाही, आणि एकही किल्ली नसल्यास एसएसएच सेवा सुरू होत नाही. दूरच्या सर्व्हरवर हा प्रकार घडला तर प्रशासक स्वतःच बाहेर अडकून पडतो. फेडोरा आणि रेड हॅट कुळातील वितरणांत सेवा सुरू होण्यापूर्वी नसलेल्या किल्ल्या तयार करणारी स्वतंत्र व्यवस्था असते.

क्लाउडमधील सर्व्हरांसाठी वापरले जाणारे क्लाउड-इनिट हे साधन नवा सर्व्हर प्रथम सुरू होताना प्रतिमेतील जुन्या किल्ल्या काढून नव्या तयार करते आणि त्यांचे ठसे कन्सोलच्या नोंदीत छापते. ज्या डिस्कवरून प्रतिकृती काढायच्या आहेत, तिच्यातील यजमान किल्ल्या आधीच काढून टाकणे आणि प्रत्येक संगणकाने पहिल्या प्रारंभी स्वतःची किल्ली तयार करावी अशी योजना करणे, हा प्रतिकृतीच्या अडचणीवरील मूळ उपाय आहे.

## वापरकर्त्यावरील परिणाम

किल्ली बदलल्यानंतर जुन्या वापरकर्त्याला दूरच्या यजमानाची ओळख बदलल्याचा ठळक इशारा दिसतो आणि जोडणी थांबते. किल्ली कायदेशीरपणे बदलली असेल किंवा मध्येच कोणी तोतया सर्व्हर उभा केला असेल, दोन्ही प्रसंगी इशारा सारखाच असतो. दोहोंतील भेद संगणक सांगू शकत नाही. तो वापरकर्त्याला अन्य मार्गाने मिळालेल्या माहितीवरूनच करावा लागतो.

इशारा डावलल्याचे परिणाम ओळख पटवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात. वापरकर्ता परवलीचा शब्द वापरत असेल, तर तोतया सर्व्हरला तो शब्द जसाच्या तसा मिळतो. वापरकर्ता स्वतःची किल्ली वापरत असेल, तर त्याची स्वाक्षरी त्या विशिष्ट सत्राशी बांधलेली असल्याने ती खऱ्या सर्व्हरकडे पुढे सरकवता येत नाही. तरीही तोतया सर्व्हर खोटा पडदा दाखवून वापरकर्त्याने पाठवलेल्या आज्ञा व फाईली मिळवू शकतो.

नव्या ठशाची खात्री पटल्यावर 'एसएसएच-कीजेन' आज्ञेच्या मोठ्या लिपीतील 'आर' या पर्यायाने परिचित यजमानांच्या यादीतून त्या एकाच सर्व्हरची जुनी नोंद काढता येते. संपूर्ण यादी पुसून टाकल्यास इतर सर्व सर्व्हरांशीही पुन्हा पहिल्या भेटीचा प्रसंग येतो. यजमानाची पडताळणी कायमची बंद ठेवल्यास एसएसएचमधील सर्व्हरची ओळख तपासण्याचा उद्देशच विफल होतो.

## नवी ओळख कळवण्याचे मार्ग

* प्रत्यक्ष वा दूरध्वनीवरून – लहान संस्थेत प्रशासकाने ठसा वाचून दाखवणे किंवा छापील स्वरूपात देणे पुरेसे असते. ज्या जोडणीची खात्री करायची आहे, त्याच जोडणीतून मिळालेला ठसा पुरावा ठरत नाही.
* सुरक्षित संकेतस्थळ – मोठ्या सेवा आपले ठसे संकेतस्थळावर प्रसिद्ध करतात.
* डीएनएस नोंद – २००६ च्या मानकानुसार सर्व्हरच्या नावासोबत ठसाही डीएनएसमध्ये ठेवता येतो. ती नोंद स्वाक्षरीने संरक्षित असेल तरच तिच्यावर विसंबता येते.
* यजमान प्रमाणपत्र – २०१० मधील ओपनएसएसएच ५.४ पासून संस्थेला एक प्रमाणक किल्ली ठेवून तिने सर्व सर्व्हरांच्या किल्ल्यांवर स्वाक्षरी करता येते. वापरकर्त्याने केवळ प्रमाणक किल्ली ओळखली की पुरते. त्यानंतर एखाद्या सर्व्हरची किल्ली बदलली तरी इशारा येत नाही.
* क्रमशः बदल – ओपनएसएसएच ६.८ पासून सर्व्हर जोडणी झाल्यावर आपल्या इतर किल्ल्याही वापरकर्त्याला कळवू शकतो. काही काळ जुनी व नवी अशा दोन्ही किल्ल्या ठेवून नंतर जुनी काढल्यास बहुतेक वापरकर्त्यांना बदल जाणवत नाही. जुनी किल्ली उघड झाली असल्यास मात्र हा मार्ग निरुपयोगी ठरतो, कारण त्या किल्लीच्या आधारे चोरही स्वतःची नवी किल्ली पुढे करू शकतो.

## भारतातील संदर्भ

राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) उभारला. अशा महासंगणकांवर संशोधक आपापल्या ठिकाणाहून एसएसएचद्वारेच काम करतात. एकाच प्रवेश-संगणकावर अनेक संस्थांचे वापरकर्ते अवलंबून असल्याने तेथील यजमान किल्लीतील बदल पूर्वसूचनेने होणे विशेष महत्त्वाचे असते.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-बखाली निर्देश दिले. त्यांनुसार संगणकांतील अनधिकृत प्रवेशासह विहित प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे सेवादाते, कंपन्या व शासकीय संस्थांवर बंधनकारक आहे. घुसखोरीमुळे यजमान किल्ली बदलावी लागल्यास किल्ली बदलून प्रकरण संपत नाही. घटना कळवावी लागते आणि जुन्या नोंदी पुसून चालत नाही.

यजमान किल्ली आणि शासकीय व्यवहारातील डिजिटल स्वाक्षरी यांत गणित समान असले तरी विश्वासाची रचना भिन्न आहे. महाराष्ट्रात मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबारा उताऱ्यामागे परवानाधारक प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र असते. सामान्य यजमान किल्लीमागे अशी कोणतीही त्रयस्थ संस्था नसते. तिची खात्री पहिल्या भेटीत वापरकर्त्याने स्वतः करून घ्यायची असते.

## गैरसमज व मर्यादा

* यजमान किल्ली बदलल्याने वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द किंवा त्यांच्या वैयक्तिक किल्ल्या बदलत नाहीत. घुसखोरी झाली असल्यास त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो.
* यजमान किल्ली चोरीस गेल्याने पूर्वीची सत्रे उलगडता येत नाहीत. प्रत्येक सत्राचे गुपित स्वतंत्र असते आणि यजमान किल्ली केवळ स्वाक्षरीसाठी वापरली जाते. धोका पुढील काळातील तोतयेगिरीचा असतो. डेबियनचा दोष याला अपवाद होता, कारण तेथे सत्राचे गुपितही दुर्बल यादृच्छिक संख्यांवरून तयार होत असे.
* नवी किल्ली तयार केल्याने जुनी किल्ली रद्द होत नाही. ज्याने नोंद बदललेली नाही, अशा वापरकर्त्याला चोरलेली जुनी किल्ली दाखवून अद्यापही फसवता येते.
* वारंवार किल्ली बदलल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही. कारणाविना व पूर्वसूचनेविना बदल होत राहिल्यास वापरकर्त्यांना इशारा न वाचता पुढे जाण्याची सवय लागते, आणि खऱ्या हल्ल्याच्या प्रसंगी तीच सवय घातक ठरते.

## हे सुद्धा पाहा

* लिनक्स
* कूटलेखनशास्त्र
* डिजिटल स्वाक्षरी
* डेबियन
* बुटीबोरी